धावती दिसणारी गाडी आणि हवेचा रोध

वर्गात दोन मोटारींची चित्रे दाखवा. एक, जग्वार कंपनीने १९६१ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडलेली ‘ई-टाइप’ ही स्पोर्ट्‌स कार. दुसरी, मर्सिडीज-बेंझची २०१८ साली आलेली ‘ए-क्लास’ सेडान. चार दारांची, मागे डिकी असलेली घरगुती गाडी. (२०२१ पासून ती आपल्या चाकणलाही जुळवली जाऊ लागली.) हवा यांपैकी कोणत्या गाडीला कमी अडवील, असे विचारले तर बहुतेक हात जग्वारसाठी वर होतील. लांब बॉनेट, ठेंगणे आणि माशासारखे निमुळते अंग! ती उभी असतानाही धावते आहे असे वाटते.

आता आकडे पाहू. हवेची घनता, वेगाचा वर्ग, गाडीचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ आणि आकारावर ठरणारा ‘रोध गुणांक’ यांचा गुणाकार करून निम्मा केला की हवेचा रोध मिळतो. सेडानचा गुणांक ०.२२, तर जग्वारचा सुमारे ०.४४, म्हणजे दुप्पट! जग्वारच्या बाजूने एक गोष्ट आहे : ती लहान आहे. तिची रुंदी १.६६ मीटर आणि उंची १.२२ मीटर. कोपऱ्यांची वजावट म्हणून या गुणाकाराचे आठ-दशांश घेतले, तर क्षेत्रफळ सुमारे १.६ चौरस मीटर येते. सेडानचे २.१९ आहे. तरीही ताशी १०० किलोमीटर वेगाला सेडानवर सुमारे २२० न्यूटन, तर जग्वारवर सुमारे ३३० न्यूटन रोध येतो. हे गणित विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे. हवेची घनता दर घनमीटरला १.२ किलोग्रॅम धरावी.

या रोधावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट, तर शक्ती आठपट. त्यामुळे ताशी २४० किलोमीटर गाठण्यासाठी जग्वारला ३.८ लीटरचे, २६५ अश्वशक्तीचे इंजिन लागले. सेडान १.३ लीटरच्या, १६३ अश्वशक्तीच्या इंजिनावर २३० पर्यंत जाते. अर्थात ही तुलना अगदी काटेकोर नाही. त्या काळचे आकडे बरेचदा इंजिन गाडीबाहेर ठेवून, पंखा व सायलेन्सर यांसारखे भार काढून मोजलेले असत. प्रत्यक्ष शक्ती त्याहून कमी भरे.

मग जग्वारचे आरेखन चुकले होते का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. तिचा आकार ठरवणारे माल्कम सेयर विमानाच्या कारखान्यात काम केलेले गृहस्थ होते आणि गाडीच्या वक्ररेषा ते गणिताने काढत. पण आपला डोळा गाडीचे नाक पाहतो, आणि हवा खरा त्रास देते ती मागे व खाली. अंगाला चिकटून वाहणारी हवा सुटली की मागे भोवरे होतात, तिथला दाब घटतो आणि गाडी जणू मागे ओढली जाते. उघडे पोट, आऱ्यांची चाके आणि रेडिएटरमधून आत शिरणारी हवा यांनीही रोध वाढतो. सेडानचे पोट पत्र्यांसारख्या आवरणांनी झाकलेले आहे, सांध्यांमधल्या फटी बुजवल्या आहेत. चित्रात यातले काहीच दिसत नाही.

भोवऱ्यांची ओढ दाखवायला मेणबत्ती पुरते. हातभर अंतरावर वीतभर रुंद पुठ्ठा उभा धरा, त्यामागे चार बोटे अंतरावर मेणबत्ती पेटवा आणि समोरून पुठ्ठ्यावर फुंका. ज्योत आपल्यापासून दूर न जाता पुठ्ठ्याकडे, म्हणजे आपल्याच दिशेने झुकते. आता पुठ्ठ्याऐवजी गोल बाटली ठेवून फुंका. हवा बाटलीला वळसा घालून मागे पोचते आणि ज्योत पलीकडे झुकते किंवा विझते.

हे सगळे मोकळ्या रस्त्यावरचे, एकसारख्या वेगाचे झाले. दर चौकात थांबून पुन्हा निघणाऱ्या गाडीला हवेपेक्षा स्वतःचे वस्तुमान अधिक जाचते, आणि तिथे शंभरेक किलोने हलकी असलेली जग्वार सेडानला मागे टाकते.