जुनी ओम्नी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सुझुकी कंपनीच्या जपानमधील 'कॅरी' या छोट्या व्हॅनवर बेतलेली 'मारुती व्हॅन' भारतात 1984 साली रस्त्यावर आली, 1988 पासून ती 'ओम्नी' या नावाने ओळखली जाऊ लागली आणि 2019 साली तिचे उत्पादन थांबले. पुढच्या आसनांखाली बसवलेले 796 घनसेंटिमीटर क्षमतेचे तीन सिलिंडरचे इंजिन, सरकती दारे आणि लहान आकारात सामावलेली भरपूर जागा यांमुळे शाळकरी मुलांच्या ने-आणीपासून रुग्णवाहिकेपर्यंत अनेक कामांत ती रुळली. आता या गाड्या हौसेने जपणाऱ्यांचा एक वर्ग तयार झाला असला, तरी त्यांची निगा आणि त्यांत करायचे फेरफार यांविषयी काही चुकीचे समज प्रचलित आहेत आणि त्यांची किंमत गाडीला, प्रसंगी तिच्यात बसणाऱ्यांनाही मोजावी लागते.

गैरसमज : पंधरा वर्षे भरली की गाडी भंगारातच द्यावी लागते.

वस्तुस्थिती : मोटार वाहन कायदा, 1988 अन्वये खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांसाठी होते, परंतु ही मुदत नोंदणीची असते, गाडीच्या आयुष्याची नव्हे. प्रादेशिक परिवहन कार्यालयात गाडी तपासणीसाठी हजर केली आणि ती योग्य ठरली, म्हणजेच बोलीभाषेत तिचे 'पासिंग' झाले, की नोंदणीचे 5 वर्षांसाठी नूतनीकरण होते व ते पुढेही करता येते. महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण कर भरावा लागतो. जुन्या पेट्रोल गाड्यांना वयाची अट घालणारे न्यायालयीन आदेश दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रासंबंधीचे आहेत, तर 2021 साली जाहीर झालेले वाहन मोडीत काढण्याचे धोरण खासगी गाडीच्या बाबतीत वयापेक्षा तपासणीच्या निकालावर आधारलेले आहे.

गैरसमज : जुनी गाडी 'व्हिंटेज' ठरते आणि मालक तिच्यात हवे ते बदल करू शकतो.

वस्तुस्थिती : 2021 च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' दर्जासाठी गाडीचे वय 50 वर्षांहून अधिक असावे लागते आणि तिची चासिस, सांगाडा व इंजिन मूळ स्वरूपात असावे लागते, म्हणजे सर्वांत जुन्या ओम्नीलाही 2034 पूर्वी हा दर्जा मिळणार नाही, आणि तिच्यात मोठे फेरफार झाले असतील तर तेव्हाही मिळणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्यामुळे मागची आसने काढून कायमचा पलंग ठोकणे किंवा परवानगीवाचून दुसरे इंजिन बसवणे नियमात बसत नाही. मुक्कामी मांडावी आणि निघताना आवरावी अशी सुटी लाकडी फळी मात्र हौसही भागवते आणि गाडीचे मूळ रूपही राखते. सीएनजी किंवा एलपीजीचा संच मान्यताप्राप्त असावा व त्याची नोंद आरसी बुकात व्हावी लागते, आणि घरगुती गॅसची टाकी गाडीला जोडणे हा तर सरळ गुन्हा आहे.

गैरसमज : थर्मोस्टॅट काढून टाकला की इंजिन तापत नाही.

वस्तुस्थिती : थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधील पाण्याची वाट उघडणारी, तळहातावर मावणारी एक झडप असून तिच्यातील मेण सुमारे 80 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळून फुगते व झडप आपोआप उघडते. इंजिन थंड असताना ती बंद राहते, म्हणून ते लवकर योग्य तापमानाला येते. ती काढून टाकल्यास इंजिन दीर्घकाळ थंड चालते, चोक अधिक वेळ ओढून ठेवावा लागतो, न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरील तेल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरते आणि झीज वाढते. तापण्याचे मूळ कारण बहुधा गाळाने चोंदलेला रेडिएटर, फुगलेले किंवा पिचलेले रबरी नळ, थकलेला पंप किंवा कूलंटऐवजी वर्षानुवर्षे भरलेले नळाचे पाणी हे असते, आणि झडप काढल्याने यांतील काहीही दुरुस्त होत नाही. झडप ठीक आहे की नाही, हे ती पाण्याच्या भांड्यात टांगून पाणी तापवत नेल्यास डोळ्यांना दिसते.

गैरसमज : इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने इंजिन लगेच निकामी होते, किंवा त्याने काहीच फरक पडत नाही.

वस्तुस्थिती : दोन्ही टोके चुकीची आहेत. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा कमी ऊर्जा असते, म्हणून 20 टक्के मिश्रणाने मायलेज काहीसे घटते. शिवाय कार्ब्युरेटर, म्हणजे हवा व पेट्रोल यांचे मिश्रण करणारे उपकरण, ठरावीक छिद्रांच्या 'जेट'मधून पेट्रोल सोडते आणि आधुनिक इंजिनाप्रमाणे स्वतःहून जुळवून घेत नाही. इथेनॉल ओलावा शोषते आणि जुन्या घडणीचे रबर कमकुवत करू शकते, म्हणून पेट्रोलचे नळ व कार्ब्युरेटरमधील गॅस्केट बदलून घेणे आणि गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असल्यास कार्ब्युरेटर रिकामा करणे हितावह ठरते. पेट्रोलचा ओघळ आसनाखालील तापलेल्या इंजिनावर पडू शकतो, हे लक्षात घेता ही खबरदारी ऐच्छिक मानता येत नाही.

गैरसमज : रुंद चाके, बसकी गाडी आणि पुढे लोखंडी गार्ड यांनी स्थिरता व सुरक्षितता वाढते.

वस्तुस्थिती : ओम्नीच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर अवघे 1,840 मिलिमीटर आहे, चाके 12 इंची आहेत आणि गती प्रोपेलर शाफ्टमार्फत, म्हणजे लांब फिरत्या दांड्यामार्फत, मागच्या चाकांना मिळते. मोठ्या व्यासाच्या टायरमुळे गाडीची ओढ कमी होते आणि स्पीडोमीटर प्रत्यक्षाहून कमी वेग दाखवतो, बाहेर आलेल्या रिमने बेअरिंगवर ताण येतो, तर मागचे पाटे काढून गाडी बसकी केल्यास शाफ्टचा कोन बिघडून थरथर सुरू होते. चालकाच्या पायांपुढे धक्का शोषणारा भाग फारसा नसल्यामुळे लोखंडी गार्ड संरक्षक वाटतो, परंतु तो आघात थेट सांगाड्यापर्यंत पोचवतो आणि पादचाऱ्याला अधिक इजा करतो. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच अशा गार्डांवर कारवाई करण्यास राज्यांना कळवले होते. खरी सुरक्षितता उत्तम ब्रेक, योग्य भारक्षमतेचे टायर, सीटबेल्ट आणि आवरता वेग यांत आहे.

गैरसमज : रंग चकाकत असेल तर पत्रा शाबूत आहे.

वस्तुस्थिती : गंज बहुधा आतून बाहेर येतो. सरकत्या दाराची खालची पट्टी, चाकांवरील कमानी, फरशीचे सांधे आणि दारांच्या तळाशी पाणी निचरण्यासाठी ठेवलेली छिद्रे ही त्याची घरे आहेत, आणि कोकणातील पाऊस व खारी हवा त्याला बळ देतात. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकल्यावर निरोगी पत्रा खणखणतो, तर पुट्टी भरलेला किंवा कुजलेला भाग बद्द वाजतो. गंजावरच डांबरी थर चढवल्यास ओल आत कोंडते, म्हणून आधी गंज खरवडणे, कुजलेला पत्रा कापून नवा जोडणे, त्यानंतर प्राइमर आणि शेवटी थर, हाच क्रम योग्य होय.

या सर्व गैरसमजांच्या मुळाशी, एखादा भाग गाडीत का आहे हे समजून न घेता तो काढण्याची किंवा बदलण्याची घाई आहे. म्हणून खर्चाचा क्रम ब्रेक, टायर, थंड राखणारी यंत्रणा, रबरी नळ, पत्रा आणि अखेरीस सजावट असा असावा, व प्रत्येक कामाची तारीख आणि किलोमीटर वहीत नोंदवावे. कारण पुढचा मालक किंवा मेकॅनिक ती गाडी हाती घेईल, तेव्हा तिच्या वयापेक्षा तिची निगा कशी राखली गेली हेच त्याला उपयोगी पडेल.