जहाजाला हवी बैठक!

मित्रांनो, दिंडोरीत समुद्र नाही. आपल्या कादवेचं पाणी गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागरात जातं, तेवढंच काय ते नातं! पण इतिहास आठवा. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेहून परतणाऱ्या शिवाजी महाराजांनी दाऊदखानाच्या मोगल फौजेला हरवलं, ते वणी-दिंडोरीच्या याच मुलखात. आणि गुराबा-गलबतांचं आरमार उभारलं तेही याच महाराजांनी. मग दिंडोरीच्या मुलांनी लाकडी गलबत का करू नये?

मी शाळेत असताना केलं होतं. दोन महिने खपून! प्रदर्शनाच्या आदल्या रात्री ते कपाटावर दोन पुस्तकांमध्ये टेकवून ठेवलं. सकाळी पाहतो तर काय, गलबत जमिनीवर आणि डोलकाठीचे दोन तुकडे! रडवेला होऊन शेजारच्या सुतारकाकांकडे गेलो. ते म्हणाले, “अरे, जहाजाला पाणी दोन्ही बाजूंनी धरून ठेवतं. तू पाणी काढून घेतलंस, पण त्याच्या जागी काहीच दिलं नाहीस!”

खऱ्या जहाजाचंही असंच असतं. दुरुस्तीसाठी ते सुक्या गोदीत आणतात. पाणी उपसलं, की जहाज आधीच मांडून ठेवलेल्या ठोकळ्यांवर अलगद टेकतं.

आता आपली बैठक करू. गलबत ३० सेंटिमीटर लांब असेल, तर दोन्ही टोकांपासून साधारण ८ सेंटिमीटरवर खूण करा. इथे दोन आधार येतील. मऊ तार खुणेपाशी तळाला दाबून बसवा, म्हणजे तिला तळाचा आकार येईल. तो पुठ्ठ्यावर काढा, पुठ्ठा मधोमध दुमडून कापा. दोन्ही बाजू सारख्या होतील. लक्षात ठेवा, पुढचा आणि मागचा आकार वेगळा असतो. एकाच मापाचे दोन आधार केलेत, की गलबत डुगडुगलंच!

पुठ्ठ्यावरून ६ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडवर आकार गिरवा. बारीक पात्याच्या करवतीने कापा. करवत चालवताना घरातलं मोठं माणूस जवळ हवंच. तळाच्या कण्यासाठी मधोमध खाच ठेवा. कडा पॉलिश पेपरने घासा आणि त्यांवर मखमलीची पट्टी चिकटवा, म्हणजे रंगाला ओरखडे पडणार नाहीत.

दोन्ही आधार जाड फळीवर उभे करा, पण लगेच चिकटवू नका! आधी गलबत ठेवून पाहा. पाण्याच्या पातळीची रेघ फळीपासून दोन्ही टोकांना सारख्या उंचीवर आहे का, ते पट्टीने मोजा. जिथे जास्त भरेल, त्या बाजूचा आधार थोडा घासा. मगच फेविकॉल लावा आणि रात्रभर वाळू द्या.

माझं गलबत प्रदर्शनात गेलं, डोलकाठीला दोरा गुंडाळून. बक्षीस नाही मिळालं. पण दिवसभर शंभर हात लागले, तरी ते पडलं मात्र नाही!

मग, कधी घेताय करवत हातात?