कोयता घेताना हमीचे चार पैसे जास्त द्यावेत का?



लागणीचे दिवस आले की बेणे, खते, पाणी यांची चौकशी आमच्याकडे रोज होते. कोयत्याची मात्र कोणी करीत नाही. बाजारात स्वस्त मिळेल तो उचलायचा, अशीच रीत आहे. या रीतीत नुकसान कुठे होते आणि जादा किंमत कशासाठी द्यावी, ते पाहू.

दोन डोळ्यांच्या टिपरीने लागण करायची तर एकरी सुमारे १०,००० टिपऱ्या लागतात. म्हणजे कोयत्याचे घावही जवळपास तेवढेच. धार बोथट असली तर कांडे तुटण्याऐवजी चेचते, टोके चिरतात. तिथून जमिनीतली बुरशी आत शिरते, टिपरी सडते, डोळा उगवतच नाही. मग आपण म्हणतो, बेणे खराब निघाले! बेणेप्रक्रिया जरूर करावी, पण चेचलेले कांडे औषधाने सांधत नाही.

खोडव्याचेही तसेच. बुडखे जमिनीलगत एका घावात छाटले तर जमिनीखालच्या डोळ्यांतून जोमदार फुटवे येतात. बोथट कोयत्याने बुडखा फाटतो, नाहीतर उंच राहतो आणि वरच्या डोळ्यांचे कमजोर कोंब पुढे येतात.

धार टिकणे हे पोलादावर आणि पाणी देण्यावर अवलंबून. साध्या मऊ पट्टीत कार्बन ०.२५ टक्क्यांहून कमी असतो; तिला कितीही पाणी द्या, ती हवी तशी कडक होत नाही. गाडीच्या कमानपाट्याच्या पोलादात तो साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो, म्हणून जाणते लोहार पाटाच वापरतात. पण पाणी दिल्यावर तो पुन्हा बेताने तापवला नाही तर धार ठिसूळ राहते, कपरे उडतात. वरून रंग लावला की चांगला-वाईट सगळे सारखेच दिसतात. जादा पैसे द्यायचे ते या न दिसणाऱ्या कामाच्या हमीसाठी, रंगासाठी नव्हे.

घेताना एवढे करावे :

१) पोलाद कुठले, हे विचारावे. धार वळली किंवा तुटली तर कोयता बदलून मिळेल, असे पावतीवर लिहून घ्यावे. लिहून द्यायला तयार नसेल त्याला जादा पैसे देऊ नयेत.

२) कानस आधी पाठीवर, मग धारेवर घासावी. दोन्हीकडे सारखीच सहज चावली तर धारेला पाणी नीट दिलेले नाही.

३) मूठ हलता कामा नये.

४) आय.एस.आय. खूण असेल तर वर मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल परवाना क्रमांक आहे का, ते पाहावे. क्रमांकाविना नुसती खूण म्हणजे हमी नव्हे. गावच्या लोहाराच्या कोयत्यावर ही खूण बहुधा नसते. तिथे त्याचा शब्द आणि तुमची कानस.

हिशेब पाहा. समजा, साधा कोयता २०० रुपयांना आणि हमीचा ३५० ला आहे. फरक १५० चा. दहातली एक टिपरी जरी वाया गेली तरी एकरी १,००० टिपऱ्यांचे बेणे, मजुरी आणि वर नांग्या भरण्याचा खर्च. स्वस्त काय पडले, ते तुम्हीच ठरवा. मात्र पाचट काढायला, बांधावरची झुडपे तोडायला साधा कोयता पुरतो. तिथे उगीच खर्च नको.

एक गोष्ट हमीतही येत नाही. खोडवा खुरटवणारा आर.एस.डी. रोग कोयत्याला लागलेल्या रसातून निरोगी बेण्यात जातो. म्हणून एका प्लॉटमधून दुसऱ्यात जाताना कोयता धुऊन जंतुनाशकात बुडवावा. तो आगटीत मात्र धरू नये. दिलेले पाणी उतरते आणि जादा दिलेले पैसे फुकट जातात.

शेवटी एक सूचना. एकेकट्याने घासाघीस करण्यापेक्षा दहा-पंधरा सभासदांनी मिळून चांगल्या लोहाराला एकदम काम द्यावे आणि बदलून देण्याची अट आधीच ठरवावी. एका गिऱ्हाइकाला तो नाही म्हणेल, पंधरांना म्हणणार नाही.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग