संगणक उठत नाही तेव्हा

संगणक सुरू झाला नाही, की दुरुस्तीवाला पटकन म्हणतो, ‘फॉरमॅट मारू या!’ आणि आपल्या पोटात गोळा येतो. कोणाचे लग्नाचे फोटो, कोणाचे हिशेब आणि माझ्यासारख्याच्या पंचवीस वर्षांच्या कविता त्यात असतात. पण मंडळी, बिघाड पुष्कळदा सुरू होण्याच्या वाटेवर असतो. मजकूर डिस्कवर सुखरूप असतो.

मी लिनक्स वापरतो. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये तिचा गाभा, म्हणजे कर्नल, लोकांसमोर ठेवला. बटण दाबले की चौघेजण एकामागून एक काम हाती घेतात. मदरबोर्डवरचे फर्मवेअर यंत्र तपासून डिस्क शोधते. डिस्कवरचा ‘ग्रब’ कर्नलला उठवतो. कर्नल मुख्य फाइल सिस्टीम जोडून घेतो. मग ‘सिस्टमडी’ बाकीची कामे सुरू करते. साखळी कुठे तुटली, हे पडदाच सांगतो. म्हणून त्यावरची अक्षरे आधी कागदावर उतरवून घ्यावीत.

फर्मवेअरला डिस्कच दिसत नसेल, तर केबल किंवा डिस्क तपासा. ‘ग्रब रेस्क्यू’ आले, तर ग्रबला स्वतःच्या फायली सापडत नाहीत. पार्टिशन बदलल्यावर असे होते. अपडेटनंतर गाडी अडली, तर ग्रबच्या यादीत ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडा, उबुंटू तो सहसा जपून ठेवते. ‘इमर्जन्सी मोड’ आला, तर ‘एफएसटॅब’ ही फाइल पाहा. कोणती डिस्क कुठे जोडायची, याची ती यादी. काढून टाकलेल्या डिस्कची नोंद तिथे राहिली, तरी संगणक अडून बसतो.

यातले काहीच जमले नाही, तर दुसऱ्या संगणकावर लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह तयार करून घ्या. त्यावरून संगणक सुरू करा आणि ‘ट्राय’ निवडा, ‘इन्स्टॉल’ नव्हे. आपल्या डिस्कवर काही न बसवता लिनक्स चालते आणि जुन्या फायली दिसू लागतात. डिस्कला कुलूपबंद एन्क्रिप्शन असेल, तर मात्र पासवर्ड हवा. फायली दुसरीकडे उतरवल्या, की मगच ‘एफएससीके’ने फाइल सिस्टीम दुरुस्त करा, तीही जोडलेली नसताना. डिस्क खडखडत असेल, तर प्रयोग थांबवा, संगणक बंद करा आणि जाणकाराकडे न्या.

दुकानात जावेच लागले, तर एवढे बजावून सांगा: ‘आधी माझ्या फायली काढून द्या, मग फॉरमॅटचे बोला.’