सपाट गच्चीला कोणते आवरण?

मुंबई उपनगरात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. २६ जुलै २००५ रोजी तर सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. उतरत्या छपरावरून पाणी वाहून जाते, सपाट गच्चीवर मात्र ते रेंगाळते. त्यामुळे गोरेगावातील औद्योगिक वसाहतींमध्ये वरच्या मजल्यावरील गाळेधारकांना जूनपूर्वी गळतीची चिंता सतावते.

यावरील पारंपरिक उपाय म्हणजे विटांच्या तुकड्यांचा कोबा. तो उतार देतो आणि उष्णताही अडवतो. मात्र १०० मिलिमीटर जाडीच्या कोब्याचा भार चौरस मीटरला दीडशे किलोहून अधिक असतो. गळती लागली की जुन्या कोब्यावर नवा थर चढविणे म्हणूनच जुन्या इमारतीला धोक्याचे ठरते. चार मिलिमीटरच्या मेम्ब्रेनचा भार जेमतेम पाच किलो भरतो.

परंतु मेम्ब्रेन निवडताना केवळ दर पाहून चालत नाही. गच्चीचा वापर कसा आहे, हे आधी पाहावे लागते.

मोकळ्या, फारसा वावर नसलेल्या गच्चीसाठी डांबरावर आधारित एपीपी मेम्ब्रेन सोयीची असते. साध्या डांबरापेक्षा ती उन्हात कमी मऊ पडते. ती उघडी राहणार असेल, तर वरचा थर खनिजकणांचा किंवा ॲल्युमिनियमचा हवा. वातानुकूलन यंत्रे, पाइप आणि खांब यांची गर्दी असेल तेथे प्रत्येक अडथळ्याभोवती मेम्ब्रेन कापावी लागते व सांधे वाढतात. अशा ठिकाणी द्रवरूप पॉलियुरेथेन उपयुक्त ठरते. मात्र त्याची जाडी कारागिराच्या हातावर अवलंबून असते. उपाहारगृहाच्या धुराड्यातून तेलकट वाफ येत असल्यास ईपीडीएम रबर टाळावे; तेथे पीव्हीसी अधिक टिकते. मात्र पीव्हीसी थेट जुन्या डांबरावर अंथरू नये, मध्ये विभाजक कापड घालावे. पांढऱ्या टीपीओमुळे खालचा मजला तुलनेने थंड राहतो.

तथापि, गळती बहुधा मेम्ब्रेनच्या मध्यभागी नव्हे, तर कडेला सुरू होते. कठड्यालगतच्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई करून मेम्ब्रेन किमान १५० मिलिमीटर वर चढवावी. दोन पट्ट्या एकमेकींवर बाजूने १०० मिलिमीटर चढलेल्या असाव्यात. पाणी निचऱ्याच्या तोंडाकडे जाईल असा उतार आधीच असावा. मेम्ब्रेन तो निर्माण करीत नाही.

ओल्या स्लॅबवर मेम्ब्रेन चिकटविल्यास आतील वाफेने फुगे येतात. म्हणून हे काम मे अखेरपर्यंत, कोरड्या दिवसांतच उरकावे. त्यानंतर निचऱ्याची तोंडे बंद करून गच्चीवर किमान ४८ तास पाणी साठवून पाहावे व मगच कंत्राटदाराचे अखेरचे देयक चुकते करावे. पुढे सौरपॅनेल वा मोबाइल मनोऱ्यासाठी कोणी गच्चीला भोक पाडणार असेल, तर त्याची दुरुस्ती कोणाकडे, हेही करारात लिहून घ्यावे. एका खिळ्याने साऱ्या खर्चावर पाणी पडू शकते.