'लागतं' या क्रियापदाची गोष्ट

नुसते शब्द पाठ करून परकी भाषा येत नाही. क्रियापदं चालवता आली की ती येऊ लागते. दादरच्या आमच्या इमारतीतली एक मुलगी शिकायला लॅटव्हियातल्या रीगा शहरी निघाली, तेव्हा निवृत्तीतला रिकामा वेळ सत्कारणी लावावा म्हणून तिच्याबरोबर मीही लॅटव्हियन क्रियापदं गिरवायला बसलो. सुरुवातीलाच ओळखीचा चेहरा भेटला. 'मी आहे' याला लॅटव्हियनमध्ये म्हणतात 'एस एस्मु'. हे तर आपल्या संस्कृतातल्या 'अस्मि'चं भावंड! दोन्ही भाषा एकाच इंडो-युरोपीय कुळातल्या.

'स्त्रादात' म्हणजे काम करणं, राबणं. 'मी राबतो'ला 'एस स्त्रादायु'. तृतीय पुरुषात तर चैनच आहे. तो, ती, ते सगळे, कुणीही असो, रूप एकच, 'स्त्रादा'. आपल्या राबतो, राबते, राबतात या तिढ्याने मराठी शिकणाऱ्या परप्रांतीयाला घाम फुटतो, तसं तिथे नाही.

खरी गंमत सक्तीच्या वाक्यात आहे. 'मला राबावं लागतं' म्हणायचं तर क्रियापदाआधी 'या' जोडायचा, आणि 'एस'चा, म्हणजे 'मी'चा, 'मन्' म्हणजे 'मला' करायचा. झालं 'मन् यास्त्रादा'. मला, तुला, त्यांना, कुणालाही लावा, 'यास्त्रादा' बदलत नाही. इंग्रजीतला 'आय' सक्तीतही आपली जागा सोडत नाही. लॅटव्हियन आणि मराठी माणूस मात्र 'मी'चा 'मला' होतो.

दादोबा पांडुरंग याच मुंबईचे. त्यांचं मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झालं. तेव्हापासून आपल्या पिढ्यान् पिढ्या कर्तरी, कर्मणी, भावे घोकत आल्या. भावे प्रयोगात क्रियापद ना कर्त्याकडे बघतं, ना कर्माकडे. 'मला जावं लागलं, तिला जावं लागलं, सर्वांना जावं लागलं.' माणसं बदलतात, क्रियापद ढिम्म!

बँकेत असताना लालबाग-परळच्या गिऱ्हाइकांच्या तोंडी हे व्याकरण मी ऐकलं आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. 'आम्ही बाहेर पडलो,' असं ते ताठ मानेनं सांगत. क्रियापद त्यांचं होतं. पुढे महिने लोटले, पासबुकं रिकामी झाली, आणि वाक्यं बदलली. 'पोराला शाळेतून काढावं लागलं.' 'धाकटीला कामाला पाठवावं लागलं.' 'गावी जावं लागलं.' गिरणीबद्दल बोलताना मात्र सगळे म्हणत, 'बंद पडली.' जणू ती आपली आपणच पडली! बंद करणारा त्या वाक्यात कुठेच नसे.

शाळेत 'प्रयोग ओळखा' हा प्रश्न असतो. मुलं खूण पाठ करून गुण मिळवतात. त्यांना एवढंच जास्तीचं विचारावं, या वाक्यात 'मी'चा 'मला' कुणी केला? उत्तर व्याकरणाच्या पुस्तकात मिळणार नाही. घरातल्या आजी-आजोबांना विचारावं लागेल.