नागरी अभ्यासदौरे
आपल्या शहराच्या उणिवांवर उपाय शोधण्यासाठी नगरपालिकांचे निर्वाचित सदस्य व अधिकारी अन्य शहरांना ज्या अधिकृत भेटी देतात, त्यांना नागरी अभ्यासदौरे म्हणतात. औद्योगिक क्रांतीनंतर यूरोपातील शहरे झपाट्याने वाढली आणि दाट वस्ती, रोगराई, पाणीपुरवठा व मलनिःसारण यांचे प्रश्न सर्वत्र सारख्याच स्वरूपात उभे राहिले. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही प्रथा बळावली.

ग्लासगोचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. तेथील नगर सुधारणा अधिनियम १८६६ मध्ये संमत झाला. त्याच वर्षी लॉर्ड प्रोव्होस्ट (नगरप्रमुख) जॉन ब्लॅकी, नगर-वास्तुविशारद जॉन कॅरिक व आरोग्याधिकारी विल्यम गेर्डनर यांचा समावेश असलेले शिष्टमंडळ पॅरिसला गेले. बॅरन ओस्मान याने तेथे जुन्या वस्त्या पाडून रुंद, सरळ रस्ते काढले होते. ओस्मान सम्राटाला जबाबदार होता. ग्लासगोचे नगरसेवक मात्र करदात्यांना बांधलेले होते. सुधारणा-करावरील रोषामुळे ब्लॅकीला त्याच वर्षीच्या निवडणुकीत आपली जागा गमवावी लागली. पुढे पाडकाम झाले. परंतु नवी घरे बांधण्याचे काम मुख्यतः खाजगी बांधकामदारांवर सोपविले होते. १८७८ मध्ये सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाल्यावर ते थंडावले.

हाच नमुना पुढे मुंबईत आला. १८९६ मधील प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टपुढे ग्लासगोचा आदर्श होता. ट्रस्टने सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट यांसारखे हवेशीर रस्ते काढले व पुढे दादर-माटुंगा भागाची आखणी केली. तथापि आरंभीच्या काळात पाडकामाचा वेग घरबांधणीपेक्षा अधिक होता. विस्थापित कुटुंबे लगतच्या चाळींत दाटीवाटीने राहू लागली व गर्दी केवळ एका जागेवरून दुसरीकडे सरकली. अशा सरसकट पाडकामावर पॅट्रिक गेडीस याने भारतातील आपल्या अहवालांत कठोर टीका केली.

बर्मिंगहॅमच्या गृहनिर्माण समितीचा १९०५ मधील जर्मनीचा दौरा वेगळ्या प्रकारचा होता. जॉन नेटलफोल्डच्या नेतृत्वाखालील या समितीने नवे रस्ते व इमारती यांच्याबरोबरच नगरपालिकांचे जमीन-खरेदीचे धोरण आणि शहराच्या वाढीची आगाऊ आखणी करण्याची पद्धत यांचा अभ्यास केला. ब्रिटनच्या १९०९ च्या नगररचना अधिनियमामागील विचारमंथनात या अभ्यासाचा वाटा होता. त्या अधिनियमाचा प्रभाव मुंबई इलाख्याच्या १९१५ च्या नगररचना अधिनियमावरही पडला.

अलीकडच्या काळातही असे दौरे घडतात. ब्राझीलमधील कुरितिबा येथे १९७४ पासून विकसित झालेल्या राखीव बसमार्गांचा आदर्श घेऊन कोलंबियातील बोगोटा शहराने २००० मध्ये अशी सेवा सुरू केली.

पाहुण्यांना शहराची पूर्ण झालेली बाजू प्रथम दिसते. तीमागील कायदा, पैशाची तरतूद, देखभालीची यंत्रणा आणि विस्थापितांचे पुढे काय झाले, हे रस्त्यावरून दिसत नाही. ते दप्तरांतून व रहिवाशांकडून जाणून घ्यावे लागते. दौऱ्याची उपयुक्तता मुख्यतः या चौकशीवर अवलंबून असते.